अमरवेल, बांडगूळ, टारफुला: झाडं परजीवी झाली कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात सह्याद्रीत झाडं बघायला माणसं घेऊन जायची मला सवय आहे. कुणाला तरी अमरवेल नाहीतर बांडगूळ दिसतं आणि मग प्रश्न सुरू होतात. दरवेळी तेच येतात आणि दरवेळी उत्तर अर्धवट राहून जातं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

दुसऱ्या झाडावर उगवलेलं प्रत्येक झाड परजीवी असतं का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. आंब्याच्या फांदीवरची आमरी (ऑर्किड), नारळावर चढवलेला मनीप्लांट, जुन्या झाडाच्या बेचक्यात आलेला पिंपळ, यातलं कुणीच त्या झाडाचा रस पीत नाही, त्यांना फक्त बसायला जागा हवी असते. वड-पिंपळ मोठे होऊन खालच्या झाडाला आवळून मारतात तेही खरं, पण तो जागेचा आणि उजेडाचा झगडा झाला.

परजीवी झाड ओळखायची खूण एकच, हॉस्टोरियम, मराठीत शोषकमूळ म्हणूया. हा अवयव दुसऱ्या झाडाच्या खोडात किंवा मुळात घुसतो, आतल्या पाण्याच्या नळ्यांपर्यंत जातो आणि स्वतःच्या नळ्या तिथे जोडतो. म्हणजे प्लंबर चालू लाईनला जोड मारतो ना, अगदी तसं. हा जोड असेल तरच परजीवी.

अशी झाडं किती आहेत?

साधारण ४,७०० जाती. जगातल्या सगळ्या फुलझाडांच्या एक-दीड टक्का. यातली बहुतेक हिरवी आहेत, म्हणजे स्वतःचं अन्न थोडंफार बनवतात आणि पाणी-क्षार दुसऱ्याकडून घेतात, ती अर्धपरजीवी. ज्यांचा हिरवेपणा पार गेलाय ती पूर्णपरजीवी, ती संख्येने बरीच कमी आहेत.

हे सगळं एका मूळ परजीवी झाडापासून आलं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण उत्तर ऐकून माणसं गप्प होतात. नाही, एकदा नाही, फुलझाडांच्या इतिहासात परजीवीपणा कमीत कमी १२ वेळा वेगवेगळा सुरू झालाय, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घराण्यांत. पूर्वी दिसण्यावरून नाती ठरवायचे आणि परजीवी झाडांत तर पानं नाहीत, मुळं नाहीत, मग ठरवणार कशावरून? डीएनए वाचता यायला लागल्यावर, म्हणजे १९९० नंतर, हळूहळू उलगडा झाला.

आणि ही घराणी कुठली, तर आपल्या स्वयंपाकघरातली आणि परसातली! मी नावं घेऊन सांगतो (कुळ म्हणजे जवळच्या झाडांचा गट, आणि गण म्हणजे अशा कुळांचा मोठा गट). आफ्रिकेत जमिनीखाली वाढणारी हिडनोरा आहे, तिला पानं मुळीच नाहीत, ती आपल्या काळ्या मिरीच्या आणि नागवेलीच्या गणातली. समुद्रकिनारी झुडपांवर पसरणारी कॅसिथा वेल दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली. शेताच्या बांधावरची पिवळी अमरवेल (कस्कुटा) रताळ्याच्या कुळातली. राक्षसी फुलाची रॅफ्लेशिया एरंडाची जवळची नातेवाईक. झाडाच्या आत राहून फक्त फुलं बाहेर काढणारी पायलोस्टायलिस काकडी-भोपळ्याच्या गणातली. भूमध्य समुद्राच्या आसपासचा सायटिनस कापूस आणि भेंडीच्या गणातला, मिट्रास्टेमॉन चहाच्या, वाळवंटातला सायनोमोरियम पानफुटीच्या, अमेरिकेतली क्रामेरिया आपल्या पायात काटे रुततात त्या गोखरूच्या, तिथलीच लेनोआ भोकराच्या गणातली. ज्वारीतला टारफुला आणि तंबाखूतला बंबाखू ज्या कुळात येतात ते तुळस आणि तीळ यांच्या गणातलं. आणि बारावं घराणं बांडगुळाचं, त्यात आपलं चंदनही येतं.

म्हणजे परजीवी हा झाडांचा कुठलातरी वेगळा वंश नाही. अगदी साध्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या झाडांनी पुन्हा पुन्हा हाच रस्ता धरलाय.

हे कधी झालं?

बाराही वेळांचा काळ वेगळा. हिडनोराचं घराणं फार जुनं, डीएनएवरून केलेल्या हिशेबाप्रमाणे साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर असतानाच, मिरीच्या बाकी गोतावळ्यातून फुटलं. चंदन-बांडगुळाचं घराणंही डायनोसॉरच्या काळातलं. काही घराणी त्यामानाने बरीच अलीकडची.

कोकणात किनाऱ्यावर दिसते ती आणि आमच्या घाटावरच्या बांधावर दिसते ती, अमरवेल एकच ना?

दिसायला जवळपास एकच, पण नात्याने एकदम लांबची. घाटावरची पिवळीधमक शेवयांसारखी वेल बहुतेक वेळा कस्कुटा असते. किनाऱ्यावर वाळूतल्या झुडपांवर जरा हिरवट, जरा चिवट, वर्षानुवर्षं टिकणारी असते ती कॅसिथा. लोक दोन्हीला अमरवेल किंवा आकाशवेल म्हणतात आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही, कारण दोघींचं जगणं सारखंच आहे, पानं जवळजवळ नाहीत, जमिनीतलं मूळ सुरुवातीलाच मरून जातं, खोड गुंडाळायचं आणि खोडातूनच शोषकमुळं घुसवायची. पण एक रताळ्याची बहीण आणि एक दालचिनीची. या दोघींचा समाईक पूर्वज शोधायला गेलात तर फुलझाडांच्या इतिहासात जवळजवळ मुळाशी जावं लागेल. गरज सारखी पडली तर वेगळ्या घराण्यातूनही तोच आकार घडतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

पण सुरुवात कशी झाली असेल? एखादं झाड उठून दुसऱ्याच्या मुळात घुसेल कसं?

तो पहिला क्षण कुणी पाहिलेला नाही, पण अंदाज हवेतला नाही. मातीत मुळं एकमेकांना घासतच असतात, कधीकधी दोन झाडांची मुळं चिकटून एकजीवही होतात. अशा गर्दीत एखाद्या झाडाच्या मुळाला शेजाऱ्याच्या मुळाला चिकटून थोडंसं पाणी ओढता आलं, तर कोरड्या वर्षात ते झाड टिकणार आणि बी धरणार. सुरुवातीला हा फक्त जोडधंदा. आजही कितीतरी अर्धपरजीवी झाडं अशीच आहेत, शेजारी मिळाला तर जोड मारतात, नाही मिळाला तर बारीक राहून का होईना फुलतात आणि बी देतात.

मग हळूहळू परावलंबन वाढतं. पाणी-क्षार फुकट मिळायला लागले की स्वतःची मुळं लहान ठेवली तरी चालतं, साखरही मिळायला लागली की पानं लहान ठेवली तरी चालतं, आणि जे नाही वापरलं तरी चालतं ते पिढ्यान्‌पिढ्या बिघडत जातं कारण बिघडलं तरी कुणाचं अडत नाही.

शोषकमूळ हा नवा अवयव आला कुठून?

नवा अवयव बनवायला नवीन सामान लागलंच नाही, मला यातली खरी गोष्ट हीच वाटते. २०१५ मध्ये टारफुल्याच्या कुळातल्या तीन परजीवींच्या शोषकमुळांत कुठली जनुकं चालू असतात हे तपासलं गेलं, तेव्हा दिसलं की त्यातली बरीचशी आधी मुळांत नाहीतर फुलांत काम करणारी होती. विचार करा, फुलात परागकणाची नळी दुसऱ्या फुलाच्या पेशींमधून वाट काढत आत जाते, म्हणजे घुसण्याचं कौशल्य प्रत्येक फुलझाडाकडे आधीपासून आहेच. जनुकाची एक कॉपी जास्तीची तयार होते, जुनी कॉपी जुनं काम बघते आणि नवीन मोकळी असल्यामुळे दुसऱ्या कामाला लागते.

अमरवेलीत शोषकमूळ खोडातून येतं, तरी तिथेही बाजूची मुळं फुटायला जे जनुक लागतं त्याच जातकुळीचं जनुक कामाला लागलेलं सापडलंय. म्हणजे खोडाच्या आतून मुळाचीच प्रक्रिया चालू केली.

इशाऱ्याचंही तसंच. टारफुल्याला शोषकमूळ बनवायची सूचना क्विनोन नावाच्या रसायनांवरून मिळते, १९८६ मध्ये ज्वारीच्या मुळांतून असं एक रसायन ओळखलं गेलं. अशी क्विनोनं ओळखायची सोय साध्या, परजीवी नसलेल्या झाडांतही आहे हे २०२० मध्ये कळलं. बेल आधीपासून होती, परजीवी झाडाने ती ऐकून दार उघडायच्या ऐवजी दार फोडायला सुरुवात केली एवढाच फरक.

टारफुल्याच्या बीला कसं कळतं की शेजारी ज्वारी उगवलीय?

ज्यांच्या शेतात टारफुला आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न पोटाचा आहे. माझ्या आजोळी हलक्या रानात ज्वारीत हा यायचा, पांढरी नाजूक फुलं, बघायला गोड, आणि बाजूची ज्वारी पाणी असून सुकल्यासारखी. जमिनीवर हिरवा दिसेपर्यंत त्याने खाली आधीच बरंच ओढून घेतलेलं असतं, म्हणून उपटूनही उपयोग कमी.

बी इतकं बारीक की धुळीसारखं, एका झाडाला हजारोंनी, आणि मातीत दहा-दहा वर्षं तग धरतं. इतक्या लहान बीत शिदोरी काहीच नसते, उगवल्यावर चार-सहा दिवसांत मूळ सापडलं नाही तर मेलंच. म्हणून ते वास लागल्याशिवाय उगवतच नाही. तो वास म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोन. १९६६ मध्ये पहिलं स्ट्रिगोलॅक्टोन मिळालं ते कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर तर टारफुला जगतच नाही! त्यामुळे कापूस पेरला की बी फसून उगवतं आणि मरतं, पिकाची फेरपालट यासाठीच सांगतात.

आता झाडं असलं घातक रसायन सोडतात तरी का, हे कोडं २००५ ला सुटलं. मुळांना स्फुरद आणून देणारी एक मित्र बुरशी असते, तिला बोलवायची ती हाक आहे. जमीन हलकी असेल, स्फुरद कमी असेल तर झाड जास्त जोरात हाक मारतं, आणि मित्राबरोबर चोरही येतो. हलक्या रानात टारफुला जास्त का, त्याचं एक मोठं कारण हेच.

बीला हा वास येतो कशाने, तर ज्या जनुकाच्या घराण्यामुळे कितीतरी झाडांच्या बियांना वणव्यानंतर धुरातली रसायनं ओळखता येतात, त्याच जनुकाच्या कॉप्या टारफुल्याच्या आफ्रिकन भाऊबंदात वाढल्या, ११ आहेत, आणि त्यातल्या काही बदलून स्ट्रिगोलॅक्टोनला अतिशय संवेदनशील झाल्या. हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती. धूर ओळखणारं नाक ज्वारी ओळखायला लागलं.

स्वतंत्र ते पूर्ण परजीवी यातल्या मधल्या पायऱ्या कुठे दिसतात?

दिसतात, आणि आपल्याकडेच दिसतात. टारफुल्याच्या कुळात, ओरोबँकेसीमध्ये, २,००० च्या वर जाती आहेत आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळे एकाच घरात.

गडकिल्ल्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींत पिवळ्या फुलांचं एक छोटं झुडूप उगवतं, लिंडेनबर्गिया. कुणी वळून बघत नाही. ते पूर्णपणे स्वतंत्र आहे, कुणाचं काही घेत नाही, आणि कुळातल्या सगळ्या परजीवींचं सगळ्यात जवळचं स्वतंत्र नातेवाईक तेच. परजीवी व्हायच्या आधी हे कुळ कसं जगत असेल याचा अंदाज घ्यायला शास्त्रज्ञ त्याच्याशीच तुलना करतात. पुढची पायरी पठारांवर गवतात फुलणाऱ्या हिरव्या अर्धपरजीवींची, कासला दिसणारी सोपुबिया यातलीच. वर हिरवी पानं, खाली गवताच्या मुळांना जोड. तिसरी पायरी टारफुला, हिरवा आहे पण जोडाशिवाय जगूच शकत नाही, आणि उगवल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे तर जमिनीखाली पूर्ण परक्या अन्नावर. शेवटची पायरी एजिनेशिया, पावसात गवताच्या नाहीतर बांबूच्या बुडाशी एक उघडा देठ आणि त्यावर मान खाली घातलेलं जांभळट गुलाबी फूल, हिरवा रंग औषधालाही नाही. तंबाखूच्या शेतातला बंबाखूही याच पायरीवरचा.

या कुळात परजीवीपणा एकदाच सुरू झाला, पण हिरवेपणा मात्र निदान तीन वेळा वेगवेगळा गेलाय. म्हणजे पहिली पायरी चढणं अवघड, पुढच्या त्यामानाने सोप्या असाव्यात असं मला वाटतं.

मग बांडगूळ झाडावर कसं चढलं?

खालून वर. चंदनाच्या या गणात सुरुवात मुळांवर जगणाऱ्यांपासून झाली. चंदन स्वतः आजही तसंच आहे, म्हणून चंदन लावणारे शेतकरी शेजारी तूर लावतात, नुसतं चंदन लावलं तर ते खुरटतं. या गणात मुळावरून फांदीवर जायची उडी पाच वेळा वेगवेगळी मारली गेलीय. आंब्यावरचं आपलं बांडगूळ ज्या कुळातलं, त्याच कुळातलं नुइट्सिया नावाचं झाड पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीवर चांगलं झाडासारखं वाढतं आणि मुळांतून शेजाऱ्यांना जोड मारतं. जुनी पद्धत त्याने सोडलेली नाही.

वर चढायला दोन गोष्टी लागल्या, चिकट बी आणि पक्षी. फुलटोच्या फळ खातो, चिकट बी बाहेर टाकताना फांदीला घासतो, तिथेच ते रुजतं. डार्विननेही १८५९ च्या पुस्तकात युरोपातल्या बांडगुळाचंच उदाहरण घेतलं होतं, की ज्याला अन्नाला ठरावीक झाडं, परागीभवनाला कीटक, बी न्यायला पक्षी लागतात ते नुसत्या हवापाण्याच्या परिणामाने घडणं शक्य नाही.

आणि बांडगुळावरही बांडगूळ असतं बरं का, सह्याद्रीत व्हिस्कमच्या (हाही बांडगुळाचाच एक प्रकार) काही जाती बांडगुळावरच वाढतात. ऐतखाऊ माणसाला बांडगूळ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, पक्ष्यांना खायला आणि मधाला इतकं देणारं झाड आहे ते. आंब्याची बाग असेल तर छाटावं लागतं, मान्य, पण जंगलातलं राहू द्या.

हिरवेपणा गेला की झाडाच्या आत काय बदलतं?

हरितलवकाचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो, साध्या झाडात साधारण दीड लाख अक्षरांचा. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बीचच्या मुळांवर जगणाऱ्या एपिफॅगसचा वाचला तर तो ७० हजारांवर आलेला, प्रकाशसंश्लेषणाची सगळी जनुकं गायब. बॅलनोफोरा नावाच्या पूर्णपरजीवीत तो फक्त पंधरा-सोळा हजार उरलाय आणि त्यात तर जनुकांच्या भाषेचा एक शब्दही बदललाय, बाकी झाडांत जिथे "थांब" असा अर्थ होतो तिथे हे झाड एक अमिनो आम्ल जोडतं. पायलोस्टायलिसच्या एका जातीत अकरा हजार. फिलिपिन्समधल्या रॅफ्लेशियात २०१४ मध्ये शोधला तर सापडलाच नाही. अरुणाचलच्या जंगलातही असणारी सॅप्रिया ही रॅफ्लेशियाची चुलतबहीण, तिचा पूर्ण जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) २०२१ मध्ये आला, तिच्या नातेवाईकांत सगळीकडे जपलेल्या जनुकांपैकी जवळजवळ ४४ टक्के तिने गमावलीत. अमरवेलीच्या एका जातीत हाच आकडा बारा टक्क्यांच्या आत आहे.

नुसतं हरितलवकच नाही. युरोपातल्या व्हिस्कमने श्वसनाच्या यंत्रणेतला पहिला मोठा भागच सोडून दिलाय, जो बाकी सगळ्या झाडांना लागतोच अशी समजूत होती.

रॅफ्लेशियाचं फूल एवढं मोठं का?

सुमात्रातलं, १८१८ मध्ये युरोपियन लोकांनी नोंदवलेलं, जवळजवळ एक मीटर रुंदीचं. पान नाही, खोड नाही, मूळ नाही, द्राक्षाच्या कुळातल्या वेलीच्या आत नुसते धागे, आणि मग एकदम हे फूल. २००७ च्या अभ्यासाने दाखवलं की पूर्वजांची फुलं अगदी मिलिमीटरमध्ये होती आणि साडेचार कोटी वर्षांच्या आसपास फुलाचा व्यास ७९ पट झाला. सडक्या मांसाच्या वासावर माशा बोलवायच्या तर मोठं असणं फायद्याचं, आणि खर्च दुसऱ्याच्या खिशातून, असं माझं मत.

ही झाडं दुसऱ्याची जनुकं पण घेतात, हे खरं?

खरं. जोड इतका आतला असतो की डीएनएचे तुकडेही येतात. रॅफ्लेशियात वेलीचं जनुक २००४ मध्ये सापडलं, टारफुल्याच्या आफ्रिकन भाऊबंदात ज्वारीसारख्या गवताचं २०१० मध्ये. यामुळेच नाती शोधताना सुरुवातीला घोळ झाले, एक जनुक बघितलं तर झाड यजमानाचंच नातेवाईक वाटायचं.

गवतं, बांबू, केळी यांच्यात परजीवी का नाहीत?

एकदल झाडांत शोषकमूळ असलेलं एकही नाही. कारण बहुधा मुळांच्या आणि खोडाच्या बांधणीत असावं, त्यांच्यात दरवर्षी जाड होत जाणारा थर नसतो. पण काही ऑर्किड बुरशीला लुटून जगतात, आपल्याकडचं पांढुरकं एपिपोजियम त्यातलं. तो रस्ता वेगळा, तिथे थेट झाडाला जोड नाही.

परजीवी झाड परत स्वतंत्र झालं असं कधी झालंय?

असं एकही उदाहरण सापडलेलं नाही.

ही उत्क्रांती आजही चालू आहे?

जोरात. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं, ते रशियात शेतात आलं आणि तिथे रानात आर्टेमिसियाच्या झुडपांवर जगणारा एक बंबाखू १९ व्या शतकाच्या शेवटी सूर्यफुलावर आला. तेव्हापासून माणसं दाद न देणारं वाण काढतात आणि बंबाखूचा नवीन प्रकार ते मोडतो. या प्रकारांना ए, बी, सी अशी अक्षरं देत गेले ते एचपर्यंत पोचलेत.

हे सगळं बघायचं तर कुठे आणि कधी?

बांडगूळ वर्षभर, कुठल्याही जुन्या आंब्यावर नजर वर करून बघा, वेगळी पानं आणि लांबट फुलं दिसतील, शिंजीर आसपास असतोच. एजिनेशिया ऑगस्ट-सप्टेंबरात, गवत बाजूला सारून खाली वाकून बघावं लागतं, उपटू मात्र नका, मूळ तुटलं की ते काही परत लागत नाही. कारवीच्या बुडाशी क्रिस्टिसोनिया दिसली तर नशीब. पठारावर सोपुबिया सप्टेंबर-ऑक्टोबरात. आणि पाऊस संपल्यावर गडावर गेलात तर दरवाजाच्या बाजूच्या चिऱ्यांच्या फटीत ती पिवळी फुलं शोधा, लिंडेनबर्गियाची.